गैरहजरांनी सोसायचा भार

सिंकमधल्या ताटलीवर नळाचा थेंब टपकन पडला आणि पहाटेची शांतता भंगली. तापानं निजलेली पाच वर्षांची लेक कूस बदलून पुन्हा झोपली. तिची आई, विद्यापीठातली कारकून, पोरीच्या पायांवर पांघरूण ओढून कालच्या बैठकीचं इतिवृत्त पुढे लिहू लागली.

शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, या गहन प्रश्नावर विद्यापीठात पहिल्यापासून एकमत आहे : दुसऱ्यानं. हा दुसरा कोण, एवढंच ठरवायला शुल्कभार समिती नेमली होती. समिती अत्यंत निःपक्षपाती होती (एकाही सदस्याचं मूल या विद्यापीठात शिकत नव्हतं). फी का वाढते याची तिनं सतरा कारणं शोधली. त्यांतलं नववं निघालं समितीचाच खर्च. तिनं ते प्रामाणिकपणे नोंदवलं आणि त्याच्या अभ्यासासाठी उपसमिती नेमली. पाहणीही केली. शंभरांपैकी शहाण्णव जण म्हणाले, फी परवडायला हवी. उरलेले चौघे आकडा ऐकून मटकन खाली बसल्यानं त्यांचं मत कळू शकलं नाही.

काल सर्वांचं म्हणणं ऐकलं गेलं. विद्यार्थी म्हणाले, पालकांनी भरावं. पालक म्हणाले, सरकारनं. सरकारी अधिकारी म्हणाले, शिकलेली माणसं ज्यांना आयती मिळतात त्या कारखानदारांनी. कारखानदार म्हणाले, पदवी शेवटी भिंतीवर कोण टांगतं? विद्यार्थीच ना! चर्चा अशी जिथून निघाली तिथे सुखरूप परतल्यावर चहा झाला.

चहानंतर कुलसचिवांनी कार्यालयाच्या जुन्या वहिवाटीची आठवण करून दिली. नको असलेलं काम तिथे त्या दिवशी रजेवर असलेल्याच्या गळ्यात पडतं. यात भांडण होत नाही, कारण भांडणारा जागेवर नसतो. समितीला हे तत्त्व फार भावलं. अडचण एकच होती, सगळेच हजर होते.

इतक्यात टिपणं घेत बसलेल्या आईला पाळणाघरातून फोन आला, पोरीचं अंग तापलंय. ती व्हरांड्यात जाऊन चार मिनिटं बोलली. परत आली तेव्हा सगळे तिच्याकडे मायेनं बघत होते. अध्यक्षांनी तर पाण्याचा ग्लासही पुढे केला. कारकुनांच्या घरच्यांची फीसवलत एकमतानं रद्द झाली होती.

"साहेब, मी इथेच होते हो," ती म्हणाली.

"होतात ना. पण ठरावाच्या वेळी नव्हतात," अध्यक्ष म्हणाले. "तेवढं इतिवृत्तात नीट लिहा बाई, पुढे वाद नको."

तिची नणंद त्या सवलतीवरच दुसऱ्या वर्षाला शिकत होती. ती आता घरात केस बांधत आली आणि वहिनीच्या खांद्यावरून इतिवृत्त वाचू लागली.

"वहिनी, चार मिनिटांत माझं कॉलेज गेलं?"

"हं."

"बरं झालं, दहा मिनिटं नाही बोललीस. विद्यापीठाच्या जिन्याच्या रंगाचा खर्चही आपल्याच माथी आला असता." ती हसली, पण खुंटीवरची पुस्तकांची पिशवी काही तिनं काढली नाही. "तेवढ्यानं भागतं का त्यांचं?"

"नाही ना. उरलेला भार नागरिकांवर."

गेल्या महिन्यात समितीनं नागरिकांसाठी जाहीर सुनावणी ठेवली होती. नोटीस फाटकावर लावली, वर्तमानपत्रांत दिली, मोबाइलवर धाडली. दोनशे खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी फीवाढीविरुद्ध घराघरांत फार तळमळीनं बोललं गेलं (समितीनं याची कौतुकानं दखल घेतली आहे). सभागृहात मात्र फक्त पंखे फिरत होते. 'नागरिक'च्या व्याख्येत हे वाचणारेही येतात, असं परिशिष्टात स्पष्ट केलं आहे.

"मीसुद्धा गेले नव्हते गं," नणंद हळूच म्हणाली. "वाटलं, बाकीचे जातीलच."

बोलण्यानं पोर जागी झाली आणि आईच्या मांडीत येऊन बसली. इतिवृत्ताला जोडायचं सुनावणीचं हजेरीपत्रक तिच्या हाती लागलं.

"हे काय आहे?"

"आलेल्या माणसांनी इथे आपापलं नाव लिहायचं असतं, सोन्या."

कोऱ्या ओळींवरून ती एकेक करत गरम बोट फिरवत गेली. पान संपलं, तिनं उलटलं, मागेही कोरंच. मग मान वर करून तिनं विचारलं, "मग ही सगळी माणसं त्या दिवशी काय करत होती गं?"