ज्ञानूअण्णांची डबल बेल

ज्ञानूअण्णांपुढे जेवणाचं ताट वाढून ठेवलं तरी ते जेवत नाहीत. नुसते ताटाकडे बघत बसतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, माझ्या आमटीत झुरळबिरळ पडलंय. मी वाकून पाहायला लागले, तर म्हणाले, "आगं शोभे, आमटी ब्येस हाय. बेल दे की." मला काही कळेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, ताटाच्या कडेवर बोटानं दोनदा टकटक करायचं. मी केलं, आणि लगेच पहिला घास तोंडात गेला.

अण्णा भोरमधले आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. उभी हयात एसटीवर ड्रायव्हर, त्यातही बरीचशी हिर्डोशीच्या गाडीवर. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय हाडात मुरली ती रिटायर झाल्यावरही निघाली नाही. एकटेच राहतात, मुलगा पुण्याला नोकरीत. त्यामुळे बेल द्यायचं काम माझ्याकडे. दाढीला बसले तरी खिडकीतून हाक येते, "बेल!" मी पोळ्या लाटता लाटता भिंतीवर दोनदा लाटणं आपटते. आमचे हे म्हणतात, तू एसटीतच लागायला हवी होतीस.

त्यांचे खरे कंडक्टर इस्माईलभाई. दोघांनी जन्मभर एकाच गाडीवर ड्यूटी केली. धुक्यात, घाटाकडच्या वळणावर गाडी मागं घ्यायची वेळ आली, की इस्माईलभाई खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, हां, बास" करायचे, आणि अण्णा आरशातसुद्धा न बघता गाडी मागं घ्यायचे. हे मला दोघांनी वेगवेगळं आणि एकत्र मिळून इतक्यांदा सांगितलंय, की ती गाडी मीच मागं घेतली असं वाटायला लागलंय. इस्माईलभाई रोज संध्याकाळी कापूरहोळहून यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे. दिवाळीच्या आधी अचानक यायचे थांबले. विचारलं तर अण्णा म्हणाले, "त्येला काम आसतंय." रिटायर माणसाला कसलं डोंबलाचं काम?

नेमका तेव्हापासूनच अण्णांच्या कॉम्प्युटरचा चमत्कारिकपणा सुरू झाला. मुलानं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला होता. तो अण्णा बंदच करेनात. दिवस नाही, रात्र नाही, चालू. वर टॉवेल पांघरलेला, कुणी हात लावायचा नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरला, आणि अण्णा स्वतः अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. मी म्हटलं, "अहो, बंद करा की तो! जळेल एखाद्या दिवशी." तर म्हणे, "गाडी स्टँडवर हुबी हाय. विंजन बंद करून चालायचं न्हाई." मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि झालंच तसं. वळवाच्या पावसात वीज कडाडली, अण्णांच्या घरातून जळका वास आला. धावत गेले तर अण्णा टॉवेल हातात घेऊन काळ्या पडद्यासमोर उभे. त्या दिवशी मी ताटावर दोनदा टकटक केलं, चारदा केलं, घास काही उचलला नाही. मला भीतीच वाटली.

"काय होतं एवढं त्यात? फोटो?"

"न्हाई."

"जमिनीचे कागद?"

"न्हाई गं. लई म्हत्त्वाचं हाय. ते परत मिळालं पायजे बघ."

सगळे म्हणाले पुण्याला न्या. अण्णांचं एकच, "कापूरहोळ." का, ते सांगायचं नाही. अखेर कॉम्प्युटर त्यांच्या मांडीवर आणि अण्णा माझ्या स्कूटरवर मागं, अशी वरात निघाली. दारातच मी "बसलात का?" विचारलं, तर अण्णा माझ्या पाठीवर टकटक करायला तयार नाहीत. "म्या ड्रायवर हाय, बेल म्या कशी देऊ?" शेवटी स्कूटरचा हॉर्न मीच दोनदा वाजवला आणि मीच निघाले. माझं डोकं ठिकाणावर राहिलं हेच विशेष.

कापूरहोळच्या फाट्यावर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदारानं आतली हार्ड डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली. आम्ही बाहेर बसलो. अण्णांची पाठ रस्त्याकडे, पण डोळे सारखे माझ्या स्कूटरच्या आरशात. मी आरशात पाहिलं तर पलीकडे पंक्चरचं दुकान, टायरांचा ढीग, बाकी मला काही दिसलं नाही.

"मिळालं हो सगळं!" दुकानदार ओरडला. नातवाच्या बारशाचे फोटो आले. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ आला. अण्णा प्रत्येकाला म्हणायचे, "ह्ये न्हाई. ह्येबी न्हाई."

आता मात्र मी भडकले. "मग हवंय तरी काय तुम्हाला?"

"घोडा," अण्णा म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी दुकानदाराकडे. मग अण्णा खाली मान घालून बोलायला लागले. कॉम्प्युटरवर ते आणि इस्माईलभाई बुद्धिबळ खेळायचे. एकानं चाल केली की टेबलावर डबल बेल द्यायची, मगच दुसऱ्यानं खेळायचं. दिवाळीआधी एकदा इस्माईलभाईंनी घोडा पुढं टाकला आणि अण्णा हसले. नुसते हसले नाहीत, वर म्हणाले, "गाडी जन्मभर म्या चालवली. तू नुस्त्या बेला मारल्यास. तुला कुठलं डोकं?" इस्माईलभाई उठले आणि निघून गेले.

"चाल झाली हुती त्येची. बेल तेवडी ऱ्हायली. म्हनलं, डाव हाय तसा ठिवू. आला की दील."

"डाव सेव्ह केला होता का, बाबा?" दुकानदारानं विचारलं.

"त्ये काय आसतंय?"

"मग तो डिस्कवर नाहीच. नुसता पडद्यावर होता. तो नाही मिळायचा."

अण्णांचं तोंड असं झालं, की मला रडूच फुटलं. आणि रागही आला. "अहो, मग जाऊन बोला ना त्यांच्याशी! इथं कापूरहोळात नेमके असतात कुठं ते?"

अण्णांनी स्कूटरच्या आरशाकडे बोट केलं. "त्येच्या ल्योकाचं पंक्चरचं दुकान हाय. पर म्या कसा जाऊ? बेल न्हाई आली."

हात जोडले मी! तरातरा रस्ता ओलांडला. इस्माईलभाई टायरवर बसून या बाजूलाच बघत होते. "ज्ञान्या बरा हाय न्हवं?" हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, कॉम्प्युटर जळला. "आन् डाव?" डावही गेला, मी म्हटलं. इस्माईलभाई ताडकन उठले. "जातोय कसा? म्या जित्ता हाय की!"

दुकानात येऊन रामराम नाही, सलाम नाही. एक रिकामा खोका फाडला, त्यावर पेनानं घरं आखली. दुकानदाराचे स्क्रू झाले प्यादी, नट झाले हत्ती, जुनी बॅटरी राजा. "वजीर हितं हुता." "तितं न्हाई, एक घर अलीकडं." "माजं प्यादं ढापतूस व्हय रं?" असला कालवा, की शेजारच्या ढाब्यावरची माणसं बघायला आली. मला तर सगळे स्क्रू सारखेच दिसत होते. पण डाव लागला एकदाचा. घोडा शेवटी इस्माईलभाईंनीच ठेवला.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"म्या नुस्त्या बेला मारल्या," इस्माईलभाई म्हणाले.

अण्णांनी मान वर केली. "इस्मा, तुज्या बेलीबिगर माजी गाडी कदी हालली का रं?"

इस्माईलभाईंनी घोडा घरात नीट सरकवला. मग बोटानं काउंटरवर दोनदा टकटक केलं.

अण्णांचा हात पुढं आला आणि तिथंच घुटमळायला लागला. डोळे भरून आले होते, स्क्रू कुठला आणि नट कुठला, काही दिसत नव्हतं.

"येऊ दे," इस्माईलभाई म्हणाले. "आजून येऊ दे… येऊ दे… हां, बास."