पोटातला बोल

आमच्या शाळेत शाणू सर सहावीच्या मुलांना पहिल्याच तासाला मरायला शिकवायचे. बाकं भिंतीला लावली जायची आणि वर्गभर प्रेतं पडायची. कुणी बाण लागून, कुणी विष पिऊन, एखादा नुसताच आळसानं. "जेका मरूक जमला, तेका सगळा जमला," असं म्हणत सर त्यांच्यातून फिरायचे. एखाद्या प्रेताला हसू फुटलं तर त्याला उठून पुन्हा नीट मरावं लागायचं. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवते. माझी मुलं जिवंत असतात, पण बघून तसं वाटत नाही.

सर मूळचे पेडण्याचे. तरुणपणी दशावतारी मंडळीत राक्षस व्हायचे. गुडघे गेले तसा राक्षसही गेला, आणि ते डिचोलीत आमच्याकडे नाट्यशिक्षक म्हणून आले. नेमणूक वर्षापुरती, जूनमध्ये पुन्हा नवी. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आज आख्यान कुठलं ते ठरतं, तोंडाला रंग लागतो, पुढचं ज्याचं त्यानं उभ्याउभ्या बोलायचं. सरांनी हीच रीत शाळेत आणली. गोष्ट सांगायची, कोण काय होणार ते ठरवायचं, आणि कोपऱ्यात बसून ओरडायचं, "पोटातला बोल गो! पोटातला!"

मुख्याध्यापिका संहिता मागायच्या. सर खिडकीतून मैदानातल्या मुलांकडे बोट दाखवायचे. "संहिता? ती काय, थंय बसून चणे खाता."

रोज आमोण्याहून बसनं यायचे. बसमध्ये झालेलं भांडण मधल्या सुट्टीत, चहात उंडो पाव बुडवत, दोन्ही बाजूंनी करून दाखवायचे. त्यातला कंडक्टर खऱ्या कंडक्टरपेक्षा जास्त चिडायचा. आम्ही हसून लोटपोट व्हायचो, आणि सर खोलीबाहेर गेले की "हा माणूस मुलांना काय शिकवतो कुणास ठाऊक" म्हणून पुन्हा वह्या तपासायला घ्यायचो. शिक्षकांची जात ही अशी.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात राज्य गेलेल्या राजाची गोष्ट होती. सातवीतला एक मुलगा राजा, त्याच्याच वर्गातली सानिका राणी. तालीम बघायला मुख्याध्यापिका आल्या, आम्हीही गेलो. राणीनं विचारलं, "महाराज, राज्य गेलं. आता काय करायचं?" राजा सरांकडे बघू लागला. कोपऱ्यातून सर ओरडले, "पोटातला!"

राजा म्हणाला, "खाण बंद पडल्यार बाबा ट्रकाच्या सावलेक बसतत, तसो बसतलंय मी. माका काय विचारू नको."

"आई पण विचारणा नाय," राणी लगेच म्हणाली. "ती भांडी जोरात घासता."

आमच्या वर्गांतल्या अर्ध्या मुलांच्या घरी असा खनिजाचा ट्रक रिकामा उभा होता, आणि संमेलनाचे प्रमुख पाहुणे होते खाणवाले. मुख्याध्यापिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसऱ्याच दिवशी म्हापशाहून एक आवाजवाला आला. त्यानं शुद्ध भाषेत संवाद लिहिले, मोठ्या माणसांच्या आवाजात ते रेकॉर्ड करून आणले, मागे तंबोरा लावला. मुलांनी फक्त ओठ हलवायचे. "हल्ली सगळीकडे असंच असतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलं अडखळत नाहीत आणि व्हिडिओ छान येतो." सातवीतला राजा चाळिशीतल्या घोगऱ्या गळ्यानं "हे विधात्या!" करू लागला.

"म्हणजे पोरांनी मुक्या जावचा?" सरांनी विचारलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "माका विंगेत तरी उभो रवूक दितल्यात मगे?" दिली परवानगी. नाट्यशिक्षकाला कुठेतरी उभं करावंच लागतं.

संमेलनाला मी विंगेत मुकुट आणि गदा सांभाळत होते. स्पीकर असा दणदणत होता की छातीत धडधडावं. मुलांचे ओठ आणि आवाज यांचा मेळ काही बसेना. मी थोडी पुढे सरकले तेव्हा कळलं. मुलं बोलत होती. वर तो विधाता गरजत होता, आणि त्याच्या खाली राजा आणि राणी आपलं आपलं बोलत होती, तुटक तुटक मला ऐकू येत होतं, ट्रक, बाबा, सावली. मांडवात कुणालाही त्यातलं अक्षर पोचत नव्हतं.

मी सरांकडे बघितलं. पडदा मुठीत धरून ते ढसाढसा रडत होते. "मी नाय हां सांगूक, टीचर," ते म्हणाले. "देवाशपथ. त्येंचा त्येंनीच."

त्या स्पीकरची वायर उपटावी असं मला वाटलं. वाटण्यापलीकडे आमच्यात कधी काही होत नाही.

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मुलांच्या शिस्तीचं कौतुक केलं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर गेला, आणि मग ओरड सुरू झाली, ओठ जुळत नाहीत म्हणून. "तयार आवाजावर मुलांचे ओठसुद्धा हलवून घेता आले नाहीत या सरांना," मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये म्हणाल्या. जूनमध्ये सरांची नेमणूक निघाली नाही. नाट्याचा तास कॉम्प्युटरला गेला.

गणेशचवथीच्या सुट्टीत मी आमोण्याला गेले. घरात सर एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इतकी वर्षं एकत्र चहा पिऊन हे मला तेव्हा कळलं. ते सोप्यावर बसून मोबाईलवर तोच व्हिडिओ बघत होते. आवाज येत नव्हता. मला वाटलं त्यांना जमत नसेल. "आवाज मोठा करून देऊ, सर?"

"नाका, नाका!" त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "आवाज केलंय तर तो म्हापश्याचो बोलता. असा बघल्यार आमची पोरां बोलतत."

मला शेजारी बसवून त्यांनी स्क्रीनवर बोट टेकलं. सानिकाचे ओठ हलत होते.

"हय बघा. ह्या तालमीत नव्हता, हय तिणा नवीन घातला. राजाक म्हणता, 'तुमी बसा, मी जेवाण वाडतंय.'"

मग त्यांनी व्हिडिओ जरा मागे नेला, आणि तेवढंच पुन्हा बघितलं.