सोनकांबळे सरांचा चौकोन

लातूरच्या आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की बाकीचे चहाचं विचारतात. सोनकांबळे सर विचारतात, "वडील काय करायचे?"

माणूस बिचकतो. मग सर समजावतात, "जात न्हाई विचारायलो. काम विचारायलो."

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर पाठ वाकली आणि हा नाद लागला. मागच्या पिढ्यांत कोण कुठून निघालं नि कुठं पोचलं, ते आकड्यांनी काढायचं. बापाचं काम आडव्या रांगेत, लेकराचं उभ्या. दोन्ही जिथं भेटतात त्या चौकोनात माणूस.

मी रुबाबात सांगितलं, "आमचे वडील माहूरला देवस्थानाशी संबंधित होते." नवी नवरी असताना मी सासरी हेच सांगितलं होतं. नातवंडं झाली तरी चालत होतं.

"म्हणजे नेमकं?"

"पायऱ्यांवर बांगड्या विकायचे."

"किरकोळ विक्री," सर म्हणाले.

मी हेडमास्तरीण झाले ती निव्वळ माझ्या हुशारीनं, असं मी भेटेल त्याला ऐकवायची. सरांनाही ऐकवलं.

"एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा न्हाई, आक्का."

माझं आयुष्य तिथंच नापास झालं.

यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सरांनी पटांगणात रांगोळीनं ती चौकट आखली आणि सगळ्यांना आपापल्या चौकोनात उभं केलं. वकीलसाहेबांचे वडीलही वकीलच. म्हणजे साहेब जागचे हललेच नव्हते. त्यांना जिलबी गोड लागेना.

सर मात्र रेघेबाहेर.

"तुम्ही कुठं, सर?" मी विचारलं.

"मी बसत न्हाई ह्यात. वडलांचं मला ठाऊकच न्हाई. आईला विचारलं की खुरपं उचलून लोकाच्या रानात जायची." चष्मा पुसत म्हणाले, "माहिती न्हाई तो माणूस गाळायचा. नियम हाय."

मी त्यांच्या हातातून रांगोळीचा डबा घेतला आणि बापांच्या रांगांखाली आणखी एक रांग ओढली. गुडघे गेलेत माझे. रेघ वाकडी आली.

"ही कुणाची?"

"आयांची. हा चौकोन खुरपणीचा."

"अहो आक्का, एका बाईची गोष्ट म्हणजे..."

सरांनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन उभे राहिले. झेंड्यापुढं उभे होते त्याहून ताठ.