भपका नको

पुण्याहून फोन आला तेव्हा शशिकांतराव घरातल्या बैठकीत तांब्याचा पत्रा ठोकत होते. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात, म्हणजे नावाच्या काचेच्या घरात, राहून हातोडा चालवणारा हा एकच माणूस. त्यांचे ठोके ऐकून नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरचे ट्रक ताल धरतात असं म्हणतात. मी त्यातलं निम्मं मानतो.

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास होता. अत्तर नि अर्क गाळायचा भपका जुने तांबट कथलाचा डाख न लावता, नुसत्या कडा दुमडून कसा जोडत? पुस्तकं पालथी घालून झाली, म्हाताऱ्या तांबटांना विचारून झालं, आता स्वतःच बनवून पाहणं चाललं होतं. बैल बसावा एवढं पोट आणि त्याला सोंडेसारखी लांब नळी. शेजारीपाजारी त्याला सरळ दारूची भट्टी म्हणत.

फोनवर हेमचंद्रराव होते, त्यांच्या मुलीचे, प्रणोतीचे, होऊ घातलेले सासरे. मुलाला, केतनला, रजा नाही. आम्ही दोघं नवराबायको रविवारी येऊन लग्न पक्कं करतो, म्हणाले. मग आवाज कडक झाला.

"एकच सांगतो. आम्हाला भपका चालत नाही. दिसला, तर चहा न घेता उठू."

हातोडा शशिकांतरावांच्या पायावर पडला. तीन पिढ्या जबलपुरात गेलेल्या. भपका म्हणजे त्यांना एकच ठाऊक.

"यांना कोणं सांगितलं वं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अख्खा मोहल्ला ठोकठोक ऐकून राहिला," अनसूयाबाई म्हणाल्या. "पोरीचं लग्न मोडलं तर याच्यातच बसा मग."

भपका हलवायला गेले, तर नळी जोडल्यापासून तो दारातून निघेना. शेजारच्या भैयाला दार काढायला बोलावलं. आबकारीवाले येतील म्हणून त्यानं हात जोडले. मग भपक्यावर पैठणी टाकली. तेव्हा तो घुंगट घेऊन बसलेल्या बाईसारखा दिसू लागला. म्हणून झेंडूच्या माळा घातल्या. एका कोपऱ्यातच माळा विचित्र दिसतात म्हणून चारही भिंतींना लावल्या. नळीवर दिव्यांच्या माळा, दिव्यांना शोभेल असा भाड्याचा गालिचा. रविवारपर्यंत बैठकीचा दरबार झाला.

पाहुणे आले, बसले. हेमचंद्ररावांची नजर भिंतीवरून फिरत पैठणीवर थांबली. त्यांनी कप न उचलता बाजूला सारला.

"भपका नको म्हटलं होतं ना?"

प्रणोतीनं ट्रे खाली ठेवला. शशिकांतराव पैठणीसमोर आडवे उभे राहिले.

"कुठं दिसला तुम्हाला?"

"कुठं काय, सगळीकडे."

हेमचंद्ररावांच्या पत्नीनं पर्स उचलली. शशिकांतरावांनी डोळे मिटले आणि पैठणी ओढली.

"हा घ्या. पण आईची शप्पथ, एक थेंब दारू गाळली नाही."

"हे काय आहे?"

"भपका."

"हा?"

"मंग तुम्ही कोणता म्हणून राहिले होते?"

हेमचंद्ररावांनी बोटानं दिवे, माळा, गालिचा दाखवला. आधी प्रणोती हसली, मग दोघी आया. हेमचंद्रराव मात्र उकिडवे बसून पोटाच्या थोरल्या सांध्यावर बोट फिरवत होते. आयुष्यभर पंप दुरुस्त केलेला माणूस तो.

"डाख नाही?"

"नाही."

"मग गळत असेल."

हे शशिकांतरावांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. व्याह्यानं कोट काढला आणि हातोडा मागितला.

मुहूर्त बायकांनीच काढला, पेढेही वाटले. तेवढ्यात केतनचा फोन आला. प्रणोतीनं तो सासऱ्यांच्या कानाला लावला, कारण त्यांचे दोन्ही हात भपक्याखाली होते.

"बाबा, जुळलं का?"

"कसलं जुळतंय," ते कण्हत म्हणाले. "थोरल्यात खोट आहे. शशिकांतरावांना म्हटलं, पुन्हा तापवा आणि चांगलं ठोका."