टॅकेटांच्या नावेचं बूच

हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. सॉर्गम तळ्याच्या काठी उभं राहून ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचाही अजून बसलेला नाही. पण त्या तळ्यातला सगळ्यांत थोराड बास मासा ज्याने धरला, त्या लेलँड प्रुइटला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

लेलँड शहरात चष्मे विकायचा. मासा त्याने पाहिलेला तो ताटात, मक्याच्या पिठात घोळवून तळलेला. पण त्याचं मन बसलं होतं नेल्डा टॅकेटवर, आणि नेल्डाच्या बापाचा, व्हर्जिलचा, नियम साऱ्या अलाबामाला ठाऊक होता : ज्याला बास धरता येत नाही, त्याला मुलगी नाही. आधीचे दोन उमेदवार व्हर्जिलच्या नावेतूनच परत गेले होते. एक रडत, दुसरा पोहत. म्हणून पहिल्याच जेवणाला व्हर्जिलने विचारलं, "बास धरतोस का रे?" तेव्हा लेलँडच्या तोंडून निघून गेलं, "लहानपणापासून!"

"मग शनिवारी चर्चची स्पर्धा आहे. तू माझ्या नावेत."

शनिवारपर्यंत लेलँडला धड घास गेला नाही. त्या सकाळीही मॉझेलने, म्हणजे नेल्डाच्या आईने, गरम बिस्किटं पुढे केली, ती त्याने हात जोडून नाकारली. उपाशीपोटी चक्कर येऊ नये म्हणून फळांच्या टोपलीतलं एक अर्धकच्चं केळं तेवढं गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं.

धक्क्यावर नाव जोडलेला ट्रक मॉझेलनेच पाण्यापर्यंत मागे घेतला. नाव पाण्याला टेकायच्या आधी व्हर्जिलने डोळे बारीक केले.

"एक विचारायचं राहिलं. केळं आणलं नाहीस ना?"

"क... केळं?"

"नावेत केळं म्हणजे अवदसा! एकदा माझ्या साडूने डब्यातून केळ्याचा केक आणला. दिवसभर एक शेपूट दिसलं नाही, वर इंजिन बसलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे."

"छे, छे! केळं मला बघवतसुद्धा नाही."

"शाब्बास. आता मागे जा आणि बूच लाव."

लेलँडने इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाकावर कॉफीचा थर्मास होता. त्याचं बूच खरोखरच सैल होतं. त्याने ते गच्च पिळलं.

"लावलंस?"

"घट्ट! थेंब गळणार नाही."

"नाहीतर लोक विसरतात आणि मग बोंबलतात," व्हर्जिल म्हणाला, आणि नाव सुटली.

तळ्याच्या मध्यावर, बुडालेल्या खुंटांपाशी व्हर्जिल पुढच्या टोकाला उभा राहिला. लेलँडकडे पाठ, नजर पाण्यावर, एक पाय विजेच्या छोट्या मोटरीवर. मागे लेलँडचे मोजे ओले झाले. आधी त्याला वाटलं, भीतीने पायांना घाम फुटलाय. घाम घोट्यापर्यंत चढला तेव्हा मात्र त्याला शंका आली. त्याने मागची फळी उचलून पाहिलं, तर नावेच्या ढुंगणाला, साचलेलं पाणी काठावर काढून टाकायला ठेवलेलं, चांगलं गोल भोक आणि त्यातून तळं आत येत होतं. बूच म्हणजे कोणतं बूच, ते त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने रुमाल कोंबला. रुमाल वाहून गेला. थर्मासचं बूच लावून पाहिलं, ते फार मोठं. शेवटी अंगठा घातला आणि ओणवा होऊन बसला.

"मागे काय चाललंय?" व्हर्जिलने न वळता विचारलं.

"पाणी... पाणी बघतोय."

"वा! नाहीतर हल्लीची पोरं. आली की लागली गळाच्या काठ्या भिरकावायला. तू आधी पाणी बघतोस!"

"हो ना. जवळून बघावं लागतं."

"पण नाव जड का वाटतेय रे?"

"नाश्ता जरा जास्त झाला."

अंगठा बधिर झाला. व्हर्जिल कधीही वळला असता. वळला असता तर बूच दिसलं नसतं, नाव जाताना दिसली असती, आणि नावेपाठोपाठ नेल्डाही. लेलँडने दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. केळं! त्याने देवाची आणि व्हर्जिलच्या साडूची माफी मागितली आणि केळं भोकात ठासलं. बसलं की नेमकं! पाणी थांबलं. लेलँडने श्वास सोडला.

तेवढ्यात केळं हललं.

त्याने ते आत दाबलं. बाहेरून कोणीतरी ओढलं. त्याने धरून ठेवलं, तर हिसका असा बसला की अख्खी नाव मागे सरकली. लेलँडने मागून वाकून पाहिलं. बाहेर आलेलं केळ्याचं टोक बादलीएवढ्या जबड्यात होतं. व्हर्जिलच्या दिवाणखान्यातल्या फोटोंत सगळे माशाच्या खालच्या ओठात अंगठा घालून उभे असतात, तेवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने डोळे मिटले, अंगठा घातला आणि उपसलं. मासा वर आला तो अर्धं केळं घेऊन. उरलेलं अर्धं भोकात इमानाने बसून राहिलं. माशाच्या तोंडातला तुकडा लेलँडने काढला आणि पुरावा नको म्हणून सालासकट गिळून टाकला.

धपकन आवाज झाला तसा व्हर्जिल वळला. त्याच्या हातातली काठी गळून पडली.

"अरे देवा! कुठल्या आमिषावर घेतलास?"

लेलँडच्या घशात अजून साल होतं. "पि... पिवळ्यावर."

"पिवळा किडा? या गढूळ पाण्यात? मला नसतं सुचलं बाबा! आणि एवढं पाणी कुठलं रे नावेत?"

"मासाच. फार उडवलं त्याने."

"उडवणारच!" व्हर्जिल म्हणाला आणि त्याने नाव सुसाट धक्क्याकडे पळवली.

वजनाला ब्रदर हॉयट, चर्चचे धर्मोपदेशक, स्वतः उभे होते. काटा सरकत सरकत गेला आणि आकडे संपले तिथे जाऊन थांबला. गर्दी जमली. नेल्डा धावत आली.

"कसा धरलास, ते सांग की!" ब्रदर म्हणाले.

लेलँड सांगू लागला. "टाकला खुंटाजवळ. ओढ बसली. मग मी..."

"तो काय सांगणार, लाजतोय!" व्हर्जिलने त्याला बाजूला सारलं. "मी सांगतो. काठी अशी वाकली, धनुष्यासारखी! दोरा गातोय नुसता! मी ओरडलो, 'ढील दे पोरा, ढील दे!' या डोळ्यांनी पाहिलंय, ब्रदर, देवाशपथ! अहो, मे महिन्यात चर्च मोकळं आहे का? मुलगी दिली मी याला!"

टाळ्या झाल्या. नेल्डा लेलँडच्या गळ्यात पडली. लेलँड मात्र व्हर्जिलकडे बघत राहिला. सकाळभर या माणसाची फक्त पाठ तर दिसली होती.

गर्दीतून वाट काढत मॉझेल पुढे आली.

"व्हर्जिल, पुन्हा सांग. काठी कशी वाकली?"

"धनुष्यासारखी!"

"कुणाची?"

"याची! नाहीतर काय माझी?"

"असं होय." तिने पाठीमागे धरलेली लेलँडची काठी पुढे आणली. "मग ही कुणाची म्हणायची? सकाळपासून ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसलीय. मुठीवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. आता ब्रदरसमोर एकदाच काय ते सांगून टाक, काठी खोटी की शपथ?"