साडेआठ फुटांची खोली आणि नऊ फुटांचं कपाट

"बावीस वर्षं त्या लोखंडी पेटीपुढे वाकतेय," मास्तरीणबाईंनी मास्तरांना सुनावलं. "आता डॉक्टरच म्हणतात, वाकणं बंद. मला उभं कपाट हवंय."

वादळात परसातला देवदार आडवा झाला होताच. मास्तरांनी ओंडका टेम्पोत घालून लाकूड गिरणीत नेला.

करवत फिरली, पहिली फळी सुटली आणि गिरणीवाला यंत्र बंद करून तसाच उभा राहिला. आतलं लाकूड मधाच्या रंगाचं होतं, त्यावर तांबूस रेघा होत्या. वास तर असा की मास्तर इथे कशाला आलो तेच विसरले.

"चाळीस वर्षं लाकूड चिरतोय," गिरणीवाला हळू आवाजात म्हणाला, "पण हे असलं नाही पाहिलं."

"बाकीच्या फळ्याही चिरा. आणि सगळ्या आठ फुटांवर तोडून द्या."

"चिरतो. पण लांबी नऊची आहे ती नऊचीच राहणार, माझा हात नाही धजायचा. सुतार बघेल."

फळ्या वर्षभर सावलीत वाळल्या. मास्तर रोज सकाळी त्यांच्यावरून हात फिरवत आणि मास्तरीणबाई पेटीपुढे वाकून कण्हत.

मग सुतार आला. त्याने रंधा मारला आणि पुढचा अर्धा तास तो नुसता फळीकडे बघत बसला. "उंची मी नेहमी शेवटी तोडतो," तो म्हणाला. "आधी सगळं जुळवून घेऊ." खोलीची उंची साडेआठ फूट, म्हणून कपाट ओसरीवर आडवं पाडूनच जुळवलं. शेवटी सुतार पेन्सिलीने रेघ मारून मागे सरला.

"मास्तर, तुमचं झाड. तुम्हीच तोडा."

मास्तरांनी करवत उचलली, रेघेपाशी लाकडाच्या लाटा बघितल्या आणि करवत खाली ठेवली.

"द्या इकडे," मास्तरीणबाई पदर खोचून पुढे आल्या. "तुम्हा पुरुषांच्यानं काही होणार नाही." त्यांनी करवत टेकवली, एकदाच ओढली. चिमूटभर भुसा पडला, वास दरवळला. त्या थांबल्या. "मिस्त्री, इथे गाठ किती छान वळलीय हो. रेघ जरा टोकाकडे घ्या."

सुताराने रेघ चार बोटं टोकाकडे सरकवली. तिथे तांबूस पट्टा निघाला. आणखी चार बोटं. असं करता करता रेघ लाकडाबाहेर गेली आणि सुताराने पेन्सिल कानामागे खोचली.

कपाट खोलीत आडवंच गेलं आणि आडवंच राहिलं. दारं वर उघडतात. थोडक्यात, बाईंना नऊ फुटांची पेटी मिळाली.

"मी वाकणार नाही," त्यांनी बजावलं. "कपडे तुम्ही काढून द्यायचे."

मास्तरांनी आनंदाने मान डोलावली. तेवढाच लाकडाचा वास.

आठवड्याने मास्तर बाजारातून आले तर दोन्ही दारं सताड उघडी, आणि बाई कमरेपर्यंत आत.

"अगं, काय शोधतेयस?"

"काही नाही."

"मग पाठीचं काय?"

 बाई जराशा सरकल्या आणि म्हणाल्या, "या. दोघांना जागा आहे."