नकाराला समानार्थी शब्द

संध्याकाळी साडेसात वाजता घरात ‘नाही’ या शब्दावर बंदी आली.

बंदीचे कारण शाळेतल्या बाई. मुलगी हुशार आहे, पण काहीही विचारले तरी ‘नाही’ एवढ्यावर भागवते, तिचा शब्दसंग्रह वाढवा, असे त्यांनी पालकसभेत सांगितले होते. “कुठून शिकली असेल?” असे बाबांनी विचारले, तेव्हा आईने नुसते त्यांच्याकडे पाहिले. बाबा पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसत आणि तोच शब्द दिवसभर वाटून, घसा बसवून घरी येत.

खेळ सोपा होता. रोज एक नेहमीचा शब्द बंद, त्याच्या जागी दुसरे शोधायचे. चुकेल त्याच्यावर रात्रीची भांडी. मुलगी ताट-चमचा घेऊन पंच झाली. ‘नको’ हा ‘नाही’चा सख्खा भाऊ, म्हणून तिने त्यालाही बाद केले.

बाबा कोचावर आडवे झाले. गप्प राहिले की भांडी टळतात, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे टाकीवाले काका आले. इमारतीची टाकी भरायला पहाटे पाचला पंप सुरू करण्याचे काम काकांच्या गळ्यात होते, आणि ते दुसरा गळा शोधत होते.

“घ्या,” काकांनी पंपघराची किल्ली पुढे केली. “उद्यापासून तुम्ही. पाण्याचं तुम्हालाच कळणार.”

पहाटेची झोप एवढीच बाबांची शिल्लक इस्टेट होती. पंचाचा चमचा वर गेला. पण नकाराला भाषेत काय तोटा, असे बाबांना वाटले.

“काका, कठीण आहे.”

“सोपं असतं तर कुणालाही दिलं असतं.”

“मी असमर्थ आहे हो.”

“हा तुमचा विनय.”

“अशक्य आहे. माझा स्पष्ट नकार समजा.”

“असमर्थ, अशक्य, नकार,” मुलीने बोटांवर मोजले. “बाबा, तीन झाले.”

काका खूश झाले. “काय भाषा आहे तुमची. अहो, ज्याला खरंच टाळायचं असतं ना, तो सरळ नाही म्हणून दार लावून घेतो. तुमच्या मनात आहे, मला कळतंय.”

ताट वाजले. “काका, भांडी तुमच्यावर.”

काका कौतुकाने हसले, किल्ली टीपॉयवर ठेवली आणि बाहेर पडले. बाबांनी भांडी पत्करायचे ठरवले.

“नाही. काका, नाही.”

दार बंद झाले होते. ताट दोनदा वाजले.

भांडी घासून, ओल्या हातांनीच किल्ली घेऊन बाबा वर गेले. कंबर, नोकरी, झोप, सगळे त्यांनी नीट मांडले. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“नाही,” ते म्हणाले आणि दार लावून घेतले.

पहाटे पाचला गजर वाजला. “उठताय ना?” आईने विचारले. पांघरूण हलले आणि डोक्यावरून ओढले गेले.

“बाबा, आज तो शब्द चालतो,” मुलगी झोपेतच म्हणाली.

शेवटची माहिती हाती आली तेव्हा सव्वापाच झाले होते. किल्ली टीपॉयवर आहे. टाकीत पाणी चढलेले नाही.